घडीच्या कॅमेऱ्याची चाचणी

घडीच्या कॅमेऱ्याची चाचणी म्हणजे जुना, भाता असलेला व मिटून ठेवता येणारा फिल्म कॅमेरा छायाचित्रणास योग्य आहे की नाही, तसेच त्यात कोणते दोष किती प्रमाणात आहेत, हे पद्धतशीरपणे ठरविण्याची प्रक्रिया होय. या लेखात १२० क्रमांकाची मीडियम फॉरमॅट फिल्म वापरणाऱ्या कॅमेऱ्यांचा विचार केला आहे. अशा कॅमेऱ्यांचे उत्पादन मुख्यतः १९३० ते १९६० या काळात झाले. त्यामुळे आज हाती येणारा जवळजवळ प्रत्येक नमुना ६० वर्षांहून अधिक जुना असतो. चामड्याचा किंवा कापडी भाता, शटरमधील वंगण आणि भिंगे चिकटविणारा पदार्थ हे तिन्ही घटक वयोमानानुसार खराब होतात. मुंबई, ठाणे व कोकणातील दमट हवेत ही झीज अधिक वेगाने होते.

== पार्श्वभूमी ==

१२० फिल्म ईस्टमन कोडॅक कंपनीने १९०१ साली बाजारात आणली. सुमारे ६१ मिमी रुंदीची ही फिल्म काळ्या कागदाच्या पाठीसह रिळावर गुंडाळलेली असते. कागदाच्या पाठीवर छापलेले चित्रक्रमांक कॅमेऱ्याच्या मागील लाल खिडकीतून दिसतात. कॅमेऱ्याच्या चौकटीनुसार एका रिळावर ६×९ सेंमीची ८, ६×६ सेंमीची १२ किंवा ६×४.५ सेंमीची १६ चित्रे मिळतात. ६×९ चौकटीतील निगेटिव्हचे क्षेत्रफळ ३५ मिमी फिल्मवरील निगेटिव्हच्या पाच पटींहून अधिक असते. एवढे मोठे निगेटिव्ह देणारा कॅमेरा मिटल्यावर कोटाच्या खिशात मावत असे, हे या रचनेच्या लोकप्रियतेचे प्रमुख कारण होते.

जर्मनीतील झाइस आयकॉन कंपनीने १९२९ साली इकोंटा व १९३४ साली अंतरमापक जोडलेला सुपर इकोंटा हे कॅमेरे आणले. फोइग्टलेंडर कंपनीचा बेसा आणि आग्फा कंपनीचा आयझोलेट हे याच वर्गातील इतर प्रसिद्ध कॅमेरे होत. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघात सुपर इकोंटाच्या धर्तीवर मोस्क्वा मालिका तयार झाली. या कॅमेऱ्यांतील शटर बहुधा म्युनिक येथील डेकेल कंपनीचे कोम्पुर किंवा गॉथिए कंपनीचे प्रोंटोर या जातीचे असते.

मुंबईत छायाचित्रणाची परंपरा जुनी असून येथे १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. विसाव्या शतकात आयात केलेले घडीचे कॅमेरे हौशी छायाचित्रकारांच्या व स्टुडिओचालकांच्या हाती आले. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आल्यावर आग्फा क्लिक-३ यांसारखे १२० फिल्मचे साधे कॅमेरे भारतातच तयार होऊ लागले. उदकमंडलम येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्मही अनेक वर्षे प्रचलित होती. जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहाची आवडही या शहरात दिसते. मुंबईतील दिलीश पारेख यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांच्या संग्रहाची गिनेस विश्वविक्रमांत नोंद झाली आहे.

== चाचणीचे तत्त्व ==

कॅमेरा म्हणजे फिल्मपर्यंत ठरावीक काळ, ठरावीक प्रमाणात व ठरावीक ठिकाणी केंद्रित झालेला प्रकाश पोहोचविणारी अंधारी पेटी. म्हणून चाचणीत चार प्रश्नांची उत्तरे शोधली जातात: पेटी खरोखर अंधारी आहे का, शटर किती वेळ उघडे राहते, भिंगाची स्थिती कशी आहे आणि प्रतिमा नेमकी फिल्मच्या पातळीवर पडते का.

चाचणीचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात फिल्म न घालता प्रत्येक घटक स्वतंत्रपणे तपासला जातो. दुसऱ्या टप्प्यात एक रीळ केवळ चाचणीसाठी खर्च केले जाते. हा क्रम उलटा केल्यास एकाच निगेटिव्हवर अनेक दोषांच्या खुणा मिसळतात व कारण ठरविणे कठीण होते. तपासणी न केलेला कॅमेरा थेट लग्नसमारंभात किंवा प्रवासात वापरल्यास नुकसान फिल्मपुरते राहत नाही, कारण तो प्रसंग पुन्हा चित्रित करता येत नाही.

चाचणीत दोषाच्या आकाराइतकेच त्याच्या सातत्याला महत्त्व असते. १/१०० सेकंदाच्या खुणेवर प्रत्येक वेळी १/५० सेकंद उघडे राहणारे शटर वापरता येते, कारण ही एका टप्प्याची वाढ छिद्र लहान करून भरून काढता येते. याउलट एकदा १/१०० व पुढच्या वेळी १/२५ सेकंद उघडे राहणारे शटर दुरुस्तीशिवाय निरुपयोगी ठरते.

== फिल्मविना तपासणी ==

=== भाता ===

भात्याची सूक्ष्म भोके प्रामुख्याने घड्यांच्या कोपऱ्यांत पडतात, कारण उघडझाप करताना तेथेच सर्वाधिक ताण येतो. तपासणीसाठी पूर्ण अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत काही मिनिटे थांबून, मागचे दार उघडून भात्यात लहान विजेरी धरली जाते. भाता पूर्ण ताणून प्रत्येक कोपरा बाहेरून वेगवेगळ्या कोनांतून पाहिला जातो. भोक असल्यास ताऱ्यासारखा प्रकाशबिंदू दिसतो. एखादे भोक भात्याच्या एकाच स्थितीत उघडत असल्याने घड्या किंचित हलवून हीच पाहणी पुन्हा केली जाते.

एकदोन भोके काळ्या लवचीक रंगाने किंवा अतिशय पातळ काळ्या कापडाच्या तुकड्याने बुजविता येतात. जाड ठिगळ लावल्यास भाता नीट मिटत नाही व पट्ट्यांवर ताण येतो. अनेक कोपरे झिजलेले असल्यास भाता बदलणे हाच टिकाऊ उपाय असतो. आग्फा आयझोलेट मालिकेतील मूळ भाते या दोषासाठी विशेष कुप्रसिद्ध आहेत.

=== पुढील पट्टी व आधार ===

भिंग व शटर ज्या पट्टीवर बसविलेले असतात ती कॅमेरा उघडल्यावर फिल्मला समांतर राहणे आवश्यक असते. दोन्ही बाजूंचे आधार शेवटपर्यंत जाऊन अडकले आहेत का, हे पाहून पट्टी बोटाने हलकेच दाबली जाते. ती एका बाजूस सरकत असल्यास चित्राची एक बाजू स्पष्ट व दुसरी अस्पष्ट येते. दोन्ही बाजूंनी पट्टी व मागील चौकट यांतील अंतर मोजून हा दोष पडताळता येतो.

स्प्रिंगच्या जोराने कॅमेरा झटक्यात उघडू देणे टाळले जाते. झटक्याने आधार वाकतात. शिवाय भात्यात क्षणभर हवेचा दाब कमी होऊन आत असलेली फिल्म पुढे ओढली जाते. म्हणून कॅमेरा हाताने आधार देत सावकाश उघडावा व फिल्म त्यानंतर पुढे सरकवावी, असा संकेत आहे.

=== शटर ===

या कॅमेऱ्यांत भिंगांच्या मध्ये बसविलेले पात्यांचे शटर असते. १ सेकंदापासून साधारण १/१० सेकंदापर्यंतचे मंद वेग दातेरी चाकांच्या यंत्रणेवर अवलंबून असतात. जुने वंगण घट्ट झाल्यास सर्वप्रथम हेच वेग अडखळतात. १ सेकंदाचा वेग घड्याळाने तपासता येतो.

त्यापुढील वेगांसाठी मोबाइल फोनमधील मंदगती चित्रण उपयोगी पडते. सेकंदाला २४० चौकटी टिपणाऱ्या फोनवर १/१० सेकंद म्हणजे २४ व १/२५ सेकंद म्हणजे सुमारे १० चौकटी होतात. १/१०० सेकंदात मात्र केवळ दोन-तीन चौकटी मिळत असल्याने तेथे ही पद्धत विश्वसनीय राहत नाही. अशा वेगांसाठी प्रकाशसंवेदक जोडलेले मापक वापरले जाते. प्रत्येक वेगावर किमान पाच वेळा मोजमाप घेऊन सरासरी व चढउतार हे दोन्ही नोंदविले जातात.

पाती उघडण्यास व मिटण्यास काही वेळ लागतो. त्यामुळे सर्वांत जलद वेगावर मोजलेला एकूण काळ खुणेपेक्षा जास्त दिसला, तरी तो पूर्णपणे दोष मानला जात नाही. कोम्पुर-रॅपिड शटरचा सर्वाधिक वेग अतिरिक्त स्प्रिंगवर चालतो, म्हणून तो शटर ताणण्यापूर्वीच निवडावा लागतो. जुन्या शटरमधील स्वयंचलित विलंबाची कळ चाचणीतही न वापरणे इष्ट असते, कारण ती मध्येच अडकल्यास संपूर्ण शटर बंद पडू शकते. पात्यांवर तेल ओतून शटर ‘मोकळे’ करण्याचा उपाय घातक आहे. तेल पसरून पाती एकमेकांना चिकटतात व भिंगावरही थर चढतो.

=== भिंग ===

छिद्र पूर्ण उघडे ठेवून व शटर दीर्घकाळ उघडे राहील अशा स्थितीत भिंगातून तिरकस विजेरी टाकली जाते. कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या दिसल्यास बुरशी, दुधाळ पडदा दिसल्यास वंगणाच्या बाष्पाचा थर आणि कडेला इंद्रधनुषी वलये दिसल्यास चिकटविलेल्या भिंगांचा सांधा सुटल्याचे अनुमान काढतात. धुळीचे काही कण व एखादा बारीक ओरखडा यांचा चित्रावर जवळजवळ परिणाम होत नाही. दुधाळ थरामुळे मात्र चित्रातील काळ्या-पांढऱ्याचा भेद लक्षणीय कमी होतो.

महायुद्धपूर्व कॅमेऱ्यांतील भिंगांवर बहुधा परावर्तनरोधी लेप नसतो. अशा भिंगांनी उजेडाच्या दिशेने घेतलेली चित्रे फिकट येणे हा दोष नसून त्या काळच्या भिंगांचा गुणधर्म आहे.

=== फोकस ===

फिल्म ज्या रुळांवर टेकते तेथे दुधी काच किंवा पारदर्शक काचेवर लावलेली अर्धपारदर्शक चिकटपट्टी धरली जाते. शटर उघडे ठेवून त्यावर पडलेली दूरच्या वस्तूची उलटी प्रतिमा भिंगाने पाहिली जाते. फोकसचे कडे अनंताच्या खुणेवर असताना ही प्रतिमा सर्वाधिक स्पष्ट दिसली पाहिजे.

या तपासणीत अल्प अंतरालाही महत्त्व आहे. १०५ मिमी नाभीय अंतराचे भिंग अनंतापासून १० मीटरवर आणण्यासाठी त्याला केवळ १.१ मिमी पुढे सरकावे लागते. म्हणजेच पट्टी १.१ मिमी पुढे झुकली, तर अनंताच्या खुणेवरही कॅमेरा १० मीटरवरच केंद्रित राहतो. एफ/४.५ या छिद्रावर फिल्मच्या पातळीतील सहन होणारी चूक सुमारे ०.२ मिमी, तर एफ/११ वर सुमारे ०.५ मिमी असते. त्यामुळे लहान छिद्रावर घेतलेले स्पष्ट चित्र फोकस बरोबर असल्याचा पुरावा ठरत नाही. ही चाचणी छिद्र पूर्ण उघडे ठेवूनच केली जाते.

आग्फाच्या अनेक कॅमेऱ्यांत फोकसच्या कड्यातील हिरवे वंगण सुकून कडे घट्ट बसते. जोर लावून फिरविल्यास पुढचे भिंग व त्याची बैठक दोन्ही एकत्र फिरतात आणि मूळ फोकस बिघडतो.

=== फिल्मवाहन व लाल खिडकी ===

कॅमेरा १२० की ६२० फिल्मसाठी आहे, हे आरंभीच पाहणे आवश्यक असते. ६२० फिल्मची रुंदी तीच असली तरी तिचे रीळ बारीक असते, आणि तिचे उत्पादन १९९५ साली बंद झाले. अशा कॅमेऱ्यात १२० फिल्म अंधारात ६२० च्या रिळावर गुंडाळून घालावी लागते. मागील दाबपट्टी सपाट असावी व रूळ गंजलेले नसावेत. लाल खिडकी ही लाल रंगास असंवेदनशील अशा जुन्या फिल्मसाठी योजलेली होती. आजच्या बहुतेक फिल्म लाल प्रकाशासही संवेदनशील असल्याने खिडकीचे झाकण नीट बसते का, हे तपासले जाते. झाकण नसल्यास फिल्म सावलीत पुढे सरकवून खिडकीवर काळी पट्टी लावतात.

== फिल्मवरील चाचणी ==

चाचणीसाठी आयएसओ १०० ची कृष्णधवल फिल्म सोयीची असते. स्वच्छ उन्हात एफ/१६ छिद्रावर फिल्मच्या आयएसओ अंकाइतका सेकंदाचा भाग उद्भासन द्यावे, या प्रचलित नियमानुसार तिला एफ/१६ वर १/१०० सेकंद लागतो. हा वेग बहुतेक जुन्या शटरवर असतो. आयएसओ ४०० च्या फिल्मला मात्र भर उन्हात अनेक शटरच्या कमाल क्षमतेइतका वेग लागतो. ६×९ कॅमेऱ्यातील आठ चित्रांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येते.

| चित्र | विषय व मांडणी | काय कळते |
|---|---|---|
| १ | दूरचा डोंगर, छिद्र पूर्ण उघडे | अनंतावरील फोकस, कोपऱ्यांची स्पष्टता |
| २ | तेच दृश्य, एफ/११ | भिंगाची सर्वोत्तम क्षमता |
| ३ | मोजपट्टीने मोजलेले २ मीटर अंतर, छिद्र पूर्ण उघडे | अंतराच्या खुणांची अचूकता |
| ४ | उन्हातील दृश्य, १/५० सेकंद व एफ/२२ | शटरच्या वेगांची तुलना |
| ५ | तेच दृश्य, १/१०० सेकंद व एफ/१६ | शटरच्या वेगांची तुलना |
| ६ | तेच दृश्य, १/२५० सेकंद व एफ/११ पेक्षा एक-तृतीयांश टप्पा मोठे छिद्र | शटरच्या वेगांची तुलना |
| ७ | उजेडाच्या दिशेने घेतलेले दृश्य | भिंगातील धुके व अंतर्गत परावर्तन |
| ८ | शटर न उघडता, भिंगावर टोपी लावून कॅमेरा काही मिनिटे उन्हात सर्व बाजूंनी फिरविणे | भाता व मागील दारातून येणारा प्रकाश |

चौथ्या ते सहाव्या चित्रांना सैद्धांतिकदृष्ट्या समान प्रकाश मिळतो. तिन्ही निगेटिव्हची घनता सारखी असल्यास शटरचे वेग परस्परांशी सुसंगत आहेत, असे म्हणता येते. त्यांपैकी एकच गडद असल्यास तो वेग मंद आहे. सर्वच सारख्या प्रमाणात गडद असल्यास शटर, छिद्र, प्रकाशमापन किंवा विकसन यांपैकी सर्वांना समान असा घटक तपासावा लागतो. आठवे चित्र पूर्ण पारदर्शक येणे अपेक्षित असते. प्रत्येक चित्राची वेळ, प्रकाश, वेग, छिद्र व कॅमेरा आडवा की उभा होता, ही नोंद तेथेच केली जाते.

पहिले, दुसरे व तिसरे चित्र तिपाईवरून घेतले जाते. हातात धरून घेतलेल्या चित्रातील थरथर आणि फोकसची चूक यांत फरक करणे अवघड असते.

== निगेटिव्हचे वाचन ==

निष्कर्ष मुद्रित प्रतीवरून किंवा संगणकीय प्रतीवरून न काढता मूळ निगेटिव्हवरून काढले जातात, कारण स्कॅन करताना घनतेतील फरक आपोआप सुधारले जातात. निगेटिव्हवर जास्तीचा प्रकाश गडद दिसतो.

| निगेटिव्हवरील खूण | संभाव्य कारण |
|---|---|
| चौकटीच्या आतच पसरट गडद डाग | भात्यातील भोक |
| चौकटीबाहेर फिल्मच्या कडेपर्यंत जाणारे गडद पट्टे | मागील दाराची फट किंवा सैल गुंडाळलेले रीळ |
| गोल डाग, कधी कागदावरील अंकांच्या छापासह | लाल खिडकीतून आलेला प्रकाश |
| एक बाजू स्पष्ट व दुसरी अस्पष्ट | पुढील पट्टी समांतर नसणे |
| सर्व चित्र अस्पष्ट, पण जवळची वस्तू स्पष्ट | अनंताच्या खुणेतील चूक |
| चित्रात विखुरलेले अस्पष्ट पट्टे | फिल्म सपाट नसणे |
| सर्व चित्रांत भेद कमी | भिंगावरील थर, बुरशी |
| चित्रे एकमेकांवर चढणे | फिल्म सरकविताना झालेली चूक किंवा चुकीची खिडकी वापरणे |

भात्यातील भोकाचे स्थान ओळखताना प्रतिमा उलटी असते हे लक्षात घ्यावे लागते. भात्याच्या वरच्या बाजूने तिरपा आलेला प्रकाश साधारणपणे फिल्मच्या खालच्या भागावर पडतो. तो भाग दृश्यातील आकाशाचा असतो. म्हणून आकाशात वारंवार येणारा डाग भात्याच्या वरच्या कोपऱ्याकडे निर्देश करतो.

== अंबरनाथ–बदलापूर परिसरातील चाचणी ==

ठाणे जिल्ह्यातील मोरिवली, अंबरनाथ व बदलापूर हा पट्टा या चाचणीतील स्थानिक घटकांचे चांगले उदाहरण आहे. परिसराच्या दक्षिणेस मलंगगड व चंदेरी यांची ठळक शिखरे दिसतात. काही किलोमीटरवरील अशी स्पष्ट कडा अनंतावरील फोकस पाहण्यास योग्य असते. पाऊस संपल्यानंतरच्या व हिवाळ्यातील निरभ्र सकाळी ती रेखीव दिसते. उन्हाळ्यातील धुरकट हवेत तीच कडा पुसट होते व दोष भिंगाचा असल्याचा भास होतो.

अंबरनाथ येथील शिवमंदिर शिलाहार काळातील असून तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ आढळतो. दाट कोरीवकामामुळे या मंदिराच्या भिंती भिंगाची सूक्ष्म तपशील टिपण्याची क्षमता पाहण्यास उपयुक्त आहेत. मात्र काळ्या बेसाल्ट दगडामुळे प्रकाशमापनात फसगत होते. परावर्तित प्रकाश मोजणारे मापक समोरची वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असे गृहीत धरते. त्यामुळे काळ्या दगडावर ते अधिक उद्भासन सुचविते, दगड करडा येतो व शटर मंद असल्याचा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. म्हणून येथे वस्तूवर पडणारा प्रकाश मोजणे किंवा वर दिलेला उन्हाचा नियम वापरणे अधिक योग्य ठरते. हे मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली असल्याने तेथे तिपाई वापरण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. अंबरनाथमधील आयुध निर्माणीचा परिसर छायाचित्रणासाठी निषिद्ध आहे.

पावसाळ्यात या भागातील सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर जाते. अशा हवेत कपाटात बंद ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी वाढते व चामड्याचा भाता ओलसर होऊन चिकटतो. म्हणून जूनपूर्वी निर्दोष ठरलेला कॅमेरा पावसाळ्यानंतर पुन्हा तपासणे आवश्यक असते. साठवणीसाठी सिलिका जेल असलेला हवाबंद डबा वापरतात व आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. चामड्याच्या मूळ पिशवीत ओल धरून राहत असल्याने कॅमेरा तिच्यात दीर्घकाळ ठेवला जात नाही.

== नोंद व मर्यादा ==

चाचणीचा निष्कर्ष ‘चालतो’ किंवा ‘चालत नाही’ अशा शब्दांत न देता नोंदपत्रकाच्या स्वरूपात ठेवला जातो. त्यात प्रत्येक वेगाचे प्रत्यक्ष मूल्य, फोकसमधील फरक, भात्याची दुरुस्ती व चाचणीची तारीख यांचा समावेश असतो. उदाहरणार्थ, १/१०० च्या खुणेवर शटर सातत्याने १४ मिलिसेकंद उघडे राहत असल्यास सुमारे अर्ध्या टप्प्याचे अधिक उद्भासन होते. कृष्णधवल निगेटिव्ह फिल्म एवढा फरक सहज सामावून घेते. तोच फरक रंगीत पारदर्शिकेवर स्पष्ट दिसतो.

एका रिळाची चाचणी कॅमेऱ्याची त्या दिवसाची स्थिती सांगते. सहा महिने न वापरलेले शटर पुन्हा मंदावू शकते. दुरुस्ती केल्यानंतर संपूर्ण चाचणी पुन्हा केली जाते, कारण भिंगाची बैठक सोडवून पुन्हा बसविताना पेच एका फेऱ्याने जरी चुकला तरी फोकस बदलतो. दुर्मीळ नमुन्यांच्या बाबतीत भाता बदलणे किंवा बाह्य चामडे काढणे यामुळे संग्राह्यमूल्य घटू शकते. अशा वेळी कॅमेरा वापरात आणावा की मूळ स्थितीत जतन करावा, हा निर्णय फिल्म घालण्यापूर्वीच घेणे उचित ठरते.

== हेही पहा ==

* छायाचित्रण
* भिंग
* शटर
* अंबरनाथ शिवमंदिर
* मलंगगड